नव्वद निरोगी रुग्ण

नौफल बेन रजबला लोक डॉक्टर म्हणत आणि त्यात त्याची मोठी पंचाईत होई. डॉक्टर तो होताच, पण अर्थशास्त्राचा. ट्युनिसमधल्या त्याच्या इमारतीतली चौथ्या मजल्यावरची बाई गेली अकरा वर्षं त्याला जिन्यात गाठून घसा दाखवत होती, आणि आता तोही "गरम पाणी प्या" म्हणून मोकळा होऊ लागला होता. आपण माणसाला बरं करत नाही, त्याला बरं करणं परवडतं का एवढंच सांगतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ज्याला 'परवडत नाही' असं सांगायचं त्याचं तोंड आपल्याला बघावं लागत नाही, म्हणून ही नोकरी बरी, असंही तो मनाशी कबूल करायचा.

त्याचं कार्यालय म्हणजे एका जुन्या सरकारी इमारतीतल्या तीन खोल्या. नवं औषध आलं की सरकारी विमा निधीने त्याचा खर्च उचलायचा का, हे एक समिती ठरवायची, आणि तिच्यापुढे हिशेब नौफल मांडायचा. औषधाला इतका खर्च, त्या बदल्यात रुग्णांच्या पदरात धडधाकट आयुष्य इतकं. आयुष्य किती लांबलं हे मोजणं सोपं असतं. ते किती धडधाकट, याला आकडा लागतो. पूर्ण निरोगी असेल तर एक, मेला तर शून्य, आणि उरलेली सगळी माणसं मधे कुठेतरी. हे मधले आकडे आजवर इंग्लंडच्या अभ्यासांतून उचलले जात. नौफलला ते फार सलायचं. "आपल्या बेजा गावच्या बाईचं दुखणं किती, हे लीड्सच्या बाईला विचारून ठरवायचं?" हे वाक्य तो प्रत्येक परिषदेत टाकी आणि टाळ्या घेई. वाक्य खरंच चांगलं होतं.

यंदा त्याला ते खरं करून दाखवायची संधी मिळाली. संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या रुग्णांसाठी एक महागडं इंजेक्शन आलं होतं. दर पंधरा दिवसांनी एक सुई. नौफलने हट्ट धरला की या वेळी आकडे आपले, आपल्याच माणसांना विचारून. चार गावांतले नव्वद रुग्ण निवडले. प्रश्न जगभर विचारतात तोच होता. समजा, या दुखण्यासकट तुम्हाला अजून दहा वर्षं जगायचंय. त्यातली काही वर्षं सोडून दिलीत, तर उरलेली ठणठणीत जगता येतील. किती सोडाल? जो जास्त सोडेल त्याचं दुखणं भारी. दोन वर्षं सोडली तर त्याच्या आजच्या आयुष्याला शून्य पूर्णांक आठ. एकही सोडलं नाही तर पुरता एक, म्हणजे त्याला काही झालेलंच नाही.

अठ्ठ्याऐंशी जणांची उत्तरं आली. सत्त्याऐंशी जणांनी एकही वर्ष सोडलं नव्हतं. एका गृहस्थाने सहा महिने दिले होते, पण दुसऱ्या दिवशी फोन करून ते परत घेतले.

आकड्यांचं सगळं काम बघणारी इन्साफ त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. वयाने तिशीतली, जिभेने कुणाला न ऐकणारी.

"सर, सगळ्यांना एक आलाय."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. तुमच्या हिशेबाने ही माणसं ठणठणीत आहेत. मला स्वतःला सकाळी उठल्यावर एवढं बरं वाटत नाही."

"अगं, हीच तर गंमत आहे!" नौफल खुर्चीतून उठलाच. "आपली माणसं सोशिक. दुखण्याशी जुळवून घेतात. इंग्लंडच्या आकड्यांत हे कधी दिसलं असतं का? यावर लेख होतो, इन्साफ, लेख!"

"लेख होतोय की घोटाळा होतोय, तेवढं बघा म्हणजे झालं."

त्याने बघितलं नाही. कुठे बघायचं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, हे सांगायला नको वाटतं पण सांगायला हवं. परदेशात लिहिलेल्या त्याच्या प्रबंधात त्यानेच एक तळटीप टाकली होती की काही लोक या प्रश्नाला हातच लावत नाहीत, आणि अशा शून्याला निरोगीपणा समजू नये. परीक्षकांनी त्या तळटिपेचं खास कौतुक केलं होतं. पण आपल्या हाताने गोळा केलेल्या पहिल्याच आकड्यांवर माणसाचा जीव बसतो, आणि नौफलचा तर लेखाच्या शीर्षकावरही बसला होता. 'इंजेक्शन परवडत नाही, कारण त्यातून रुग्णांच्या पदरात काहीच पडत नाही' असा निष्कर्ष काढून त्याने सोमवारी अहवाल समितीकडे धाडला. शेवटच्या दोन मुलाखती बाकी असल्याचं खाली बारीक अक्षरांत लिहिलं. बैठक त्याच आठवड्यात गुरुवारी होती.

त्या दोन मुलाखती बेजाच्या होत्या आणि तिथली मुलाखती घेणारी मुलगी बहिणीच्या लग्नात अडकली होती. अठ्ठ्याऐंशी हा आकडा नौफलच्या डोळ्यांना खुपायचा. नव्वद म्हणजे कसा भरल्यासारखा वाटतो. मंगळवारी तो स्वतःच निघाला. आठ माणसं भरेपर्यंत लुआज, म्हणजे वाटून घ्यायची टॅक्सी, सुटली नाही, आणि सुटल्यावर शेजारच्या म्हाताऱ्याला तो डॉक्टर असल्याचं कळलं, तेव्हा बेजा येईपर्यंत गुडघ्यांवर चर्चा झाली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात रांग होती. पहिला रुग्ण निवृत्त पोस्टमन. त्याने शून्य वर्षं सोडली आणि रक्तदाब तपासायला बाही वर केली. दुसरी मबरूका. साठीच्या पुढची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून बसलेली. बोटं एका बाजूला कलली होती. ऑगस्टात रव्याचे दाणे वळून करतात ते अर्ध्या गल्लीचं वर्षाचं कुसकुस हिच्या हातचं असायचं, असं शेजारच्या बाईने न विचारता सांगितलं. हिचं कुसकुस वाफवल्यावर दाणा दाण्याला चिकटत नसे म्हणे.

नौफलने पुठ्ठ्याची पट्टी काढली. तिच्यावर दहा चौकोन, एकेका वर्षाचा एकेक.

"मावशी, समजा तुम्हाला अजून दहा वर्षं आहेत."

"कुणी सांगितलं?"

"समजायचं. आता त्यातली काही सोडून दिलीत, तर उरलेल्यात हात अगदी बरे. किती सोडाल?"

"कुणाची वर्षं?"

"तुमचीच की."

"माझी कुठली आलीत बाबा! ती वरच्याची. त्याने दिली तर आहेत, नाहीतर नाहीत. मी कोण त्यातलं सोडणारी?"

"खरं आहे, पण फक्त समजायचंय."

"बरं. तुम्ही समजा, हा दवाखाना तुमचा. आता विका बघू मला."

रांगेत हसू पिकलं. नौफलही हसला. मुलाखतकारांना त्याने शिकवलं होतंच, की उत्तरदाता विनोद करेल, तर हसावं आणि प्रश्न जसाच्या तसा पुन्हा विचारावा. त्याने विचारला.

"शून्य," मबरूका म्हणाली. "लिहा शून्य."

त्याने लिहिलं. तो कागद घडी करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "शून्य लिहिलं म्हणजे काय होतं?"

अठ्ठ्याऐंशी जणांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मुलाखतकाराला उत्तर ठाऊक नव्हतं. नौफलला ठाऊक होतं. म्हणून त्याला ते तोंडाने म्हणावं लागलं.

"म्हणजे... असं धरतात, की तुमची तब्येत पूर्ण ठीक आहे."

मबरूकाने आपल्या हातांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग ती उठली. उठायला तिला दोन खुर्च्या धराव्या लागल्या. अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ती ओरडली, "बायांनो, उठा! चला घरी! आपण सगळ्या बऱ्या झालो! ट्युनिसहून मोठे डॉक्टर आलेत, तेच सांगतायत!"

हसण्याचा नुसता कल्लोळ झाला. एक बाई काठी आपटत म्हणाली, "अगं मग काल सांगायचं होतं ना, मी तीन वेळा बस बदलून आले!" नर्सही दारात येऊन हसायला लागली. नौफलचे कान तापले. हसणाऱ्यांत आपणही असावं म्हणून तोही हसू लागला, आणि मधेच त्याला ती तळटीप आठवली. तळटिपेचा शब्दन् शब्द आठवला.

मबरूका डोळे पुसत खाली बसली. राग तिला आलाच नव्हता. त्यामुळे त्याला अधिकच ओशाळल्यासारखं झालं.

"पोरा, तुला काहीतरी मागायचंच असेल तर माझं असेल ते माग. दुसऱ्याचं काय मागतोस?"

"तुमचं काय आहे, मावशी?"

"आता काही नाही. होते हजचे पैसे. लोकांकडे कुसकुस वळून चौदा वर्षं साठवलेले. माझं नावही निघालं होतं यादीत." तिने पिशवीतून इंजेक्शनची रिकामी खोकी काढली नाहीत की कागद दाखवला नाही, अगदी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. "या सुया भावाने आधी एकदा परदेशातून पाठवल्या होत्या. हात असे उघडले, असे. मग मीच विकत घेतल्या. सात महिने पुरले पैसे. सात महिने मी माझी वेणी माझ्या हाताने घातली."

"हजला नाही गेलात?"

"कशाने जाऊ?" ती म्हणाली. "वरच्याला सांगितलंय मी, हातच नसले तर तुझ्यापुढे उघडू काय. त्याचं तो बघेल."

नौफलने वही उघडली आणि नुसतीच धरून ठेवली. जी बाई देवाच्या ताब्यातला एक दिवस सोडायला तयार नव्हती, तिने देवाकडे जायचं भाडं सुयांवर घातलं होतं. आणि आपण लिहिलं होतं, तब्येत ठीक. त्याला रडू आलं. निदान रांगेने ते हसून हसून आलेलं पाणी समजावं, अशी त्याने इच्छा केली.

परतीच्या लुआजमध्ये कुणी विचारलं तेव्हा त्याने आपण विमा एजंट असल्याचं सांगितलं. गाडीत शांतता पसरली.

बुधवारी सकाळी त्याने इन्साफला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"फॉर्मवर मुलाखतकारांनी काही टिपणं लिहिली होती का ग?"

"लिहिली होती. समासात. एकाहत्तर फॉर्मांवर लिहिलंय, 'आयुष्य अल्लाच्या हातात, म्हणाले.' तुम्हीच म्हणालात, समास कॉम्प्युटरमध्ये भरायचा नाही."

"मी म्हणालो?"

"लेखी म्हणालात."

नौफल खाली बसला. "मग तू गप्प का बसलीस?"

"मी कुठे गप्प बसले? तुम्ही शीर्षक सुचवत होतात."

दोघांनी मिळून फोन लावायला घेतले. प्रश्न एकच आणि साधा. या दुखण्यापायी तुम्ही आजवर काय सोडलंत? दिवसभरात बावन्न जण सापडले. एकाने गाय विकली होती. एकीने शिवणयंत्र दिलं होतं, नाहीतरी ते चालवता येत नव्हतं. एका शिक्षकाने नोकरी सोडली होती कारण खडू धरवत नव्हता, आणि एकीने मुलीला कॉलेजातून काढून घरी बसवलं होतं, आपली वेणीफणी करायला. हे शेवटचं ऐकल्यावर इन्साफ थोडा वेळ खिडकीशी जाऊन उभी राहिली.

गुरुवारी समितीच्या टेबलाभोवती नऊ सदस्य होते, आणि सगळे खुशीत होते. अध्यक्षा प्रोफेसर नाजेत औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी "पहिल्यांदाच आपले आकडे" म्हणून नौफलचं अभिनंदन केलं. सगळ्यांत खूश होते अर्थखात्याचे तिजानी. पाठीच्या दुखण्यामुळे ते जातील तिथे स्वतःची उशी नेत. आताही ती पाठीशी लावून ते म्हणाले, "असा स्वच्छ अहवाल मी पाहिला नाही. फायदा शून्य! वाद घालायला जागाच नाही."

"तिजानी साहेब, एक विचारू?" नौफल म्हणाला. "समजा तुम्हाला या पाठीसकट अजून दहा वर्षं आहेत. काही सोडलीत तर पाठ ठणठणीत. किती सोडाल?"

"असलं काय विचारता! आयुष्य काय माझ्या हातात आहे? वरच्याची मर्जी."

"म्हणजे शून्य. मग माझ्या अहवालाप्रमाणे तुमची पाठ उत्तम आहे. ती उशी जमा करा."

एक क्षण कुणाला कळलं नाही. मग प्रोफेसर नाजेत हसल्या, मग सगळेच. फक्त तिजानी हसले नाहीत. त्यांनी अहवाल उघडून पानं मागे नेली. माणूस हुशार होता.

"म्हणजे हा अहवाल..."

"चुकलाय. चूक माझी. पंधरा वर्षांपूर्वी मीच लिहून ठेवलं होतं की अशी चूक कशी होते. मग मीच ती केली, छापून, तुमच्या सह्यांसाठी जागा ठेवून." हे बोलताना त्याला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचा कोटा बेजालाच संपला असावा. त्याने गाय, शिवणयंत्र, खडू, वेणीफणी, हज, सगळं वाचून दाखवलं.

"डॉक्टर," तिजानी सावकाश म्हणाले, "हा पुरावा नाही. ह्या कहाण्या झाल्या. हे वाक्य तुमचंच आहे."

"माझंच आहे."

"आणि हाच पैसा मी इथे घातला तर कासरीन जिल्ह्यातल्या बाळंतिणींना दवाखान्यात आणणाऱ्या गाडीला कुठून आणू? त्यांना कहाण्या नाहीत का?"

"आहेत. म्हणून तर मोजायला हवं. माझा त्यावर अजूनही विश्वास आहे." नौफलने घसा साफ केला. "एक वर्ष इंजेक्शन द्या. आजारी म्हणून नोंद असलेल्या सगळ्यांना नाही, ज्यांचे हात गेलेत त्यांना. वर्षभर आपण नीट मोजू. खर्चाच्या मानाने पटलं तर पुढे चालू, नाही पटलं तर बंद."

"बंद करणं सोपं वाटतं तुम्हाला?" तिजानींचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "एकदा हात उघडलेल्या माणसाची सुई काढून घ्यायची, आणि ते त्याला सांगायचं. कोण सांगणार? दर वेळी आमच्या खात्याचं नाव पुढे करता आणि तुम्ही वरच्या मजल्यावर बसता."

सगळ्यांनी आपापल्या कागदांत डोकी घातली. नौफललाही तसंच करायची फार इच्छा झाली. त्याच्यापुढे कागदही होते.

"मी सांगेन," तो म्हणाला. "प्रत्येकाच्या घरी जाऊन."

"हे नावासकट इतिवृत्तात येऊ दे," प्रोफेसर नाजेत म्हणाल्या.

मतं पडली पाच विरुद्ध चार, इंजेक्शनच्या बाजूने. तिजानींनी हात वर केला तो नेमका पाचवा होता, आणि वर करताना पाठीत उसण भरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

शनिवारी नौफल बेजाला गेला. दवाखान्याने पत्ता दिला होता. मबरूकाचं दार सताड उघडं होतं. आत सून परातीत कुसकुस वळत होती, मबरूका खुर्चीवरून तिच्या चुका काढत होती आणि सून ऐकू येत नसल्यासारखं करत होती.

"आले बघ आपल्याला बरं करणारे!" मबरूका म्हणाली. "बसा, डॉक्टर. आज काय मागायला आलात?"

"आज द्यायला आलोय, मावशी. इंजेक्शन मंजूर झालं. पुढच्या महिन्यापासून."

सून आधी किंचाळली. मबरूकाने फक्त एक वाकडा हात दुसऱ्या वाकड्या हातात घेतला. एवढ्यावर नौफलला उठून जाता आलं असतं. सुनेने मखारकची बशीही पुढे केली होती, आणि पाकातली ती जिलबी तोंडात घालून आशीर्वाद घेत बाहेर पडायला कुणाची ना नव्हती. निम्मीच बातमी सांगून निघायचं त्याच्या फार मनात आलं. वर्षाने बघू, तेव्हा कुणाला तरी पाठवू, असंही येऊन गेलं.

"एकच वर्ष मंजूर झालंय," तो म्हणाला. "वर्षाने मोजायचं. खर्चाच्या मानाने पटलं नाही तर बंद होईल. तसं झालं तर ते सांगायला मीच येणार."

सुनेचे हात परातीत थांबले. मबरूकाने मान वर केली.

"मोजणार कसं? त्याच पट्टीने?"

"नाही. दुसरं काहीतरी शोधतोय. अजून सापडलं नाही."

"मी सांगते. दुपारी येऊ नका. दुपारी माझे हात सोंग करतात, बरे असल्याचं. सकाळी सातला या. त्या दिवशी हिला मी माहेरी धाडीन. घरात मी एकटी. तुम्ही कडी वाजवा. मला उठून दार उघडता येतं का बघा, आणि येतं की नाही तेवढं लिहा."

नौफलने वही काढून लिहून घेतलं. सकाळी सात, घरात एकटी, आतून कडी. लिहिताना त्याला कळत होतं की पंधरा वर्षांत कुणी त्याला इतकी स्वच्छ पद्धत सांगितली नव्हती. सवयीने त्याने पुढचा प्रश्न विचारलाच.

"आणि नाही उघडता आलं तर, मावशी?"

"तर उभे राहा बाहेरच," मबरूका म्हणाली, "आणि दाराआडूनच सांगा मला, सुया बंद झाल्या म्हणून."